कृत्रिम पावसाच्या प्रयोगाने पाऊस खरोखर वाढला की नाही, हे आकड्यांवरून कसे ठरवावे?

मांजराकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. 2019 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात विमानातून ढगांवर फवारणी करून कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयत्न झाला, हे येथील बहुतेकांना आठवत असेल. त्याआधी 2003 मध्ये आणि 2015 मध्येही राज्यात असे प्रयोग झाले होते. आमच्या गावात आजही या विषयावर दोन तट आहेत. एका गटाचे म्हणणे असे, की विमान येऊन गेले आणि त्याच रात्री पाऊस झाला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दुसरा गट तितक्याच ठामपणे सांगतो, की विमानाने आमच्यावरचे ढग पळवून नेले आणि पाऊस पुढच्या तालुक्यात पडला.

वादापेक्षा आकडे बरे, असा विचार करून मी आमच्या आणि शेजारच्या दोन तालुक्यांतील सर्व महसूल मंडळांच्या त्या वर्षीच्या दैनंदिन पावसाच्या नोंदी मिळवल्या आणि वर्तमानपत्रांतील बातम्यांवरून उड्डाणांच्या तारखा जुळवल्या. उड्डाणाच्या दिवसांचा सरासरी पाऊस इतर दिवसांच्या सरासरीपेक्षा स्पष्टपणे जास्त येतो, आणि दोन सरासरींची तुलना करणारी पाठ्यपुस्तकातली नेहमीची टी-चाचणी लावली तर हा फरक सार्थही (केवळ योगायोगाचा वाटू नये इतका मोठाही) ठरतो. तरीही विद्यार्थ्यांपुढे हा निष्कर्ष मांडण्याचे धाडस होत नाही, कारण कोठेतरी पाय घसरतो आहे असे सारखे वाटते. माझी पद्धत चुकत असेल तर नेमकी कोठे चुकते, आणि हाती असलेल्या नोंदींतून काही खात्रीलायक सांगता येईल का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

---

संभाव्यता यांचे उत्तर

सर, आपली शंका योग्य आहे. आपण काढलेला फरक खरा आहे, पण त्याचे कारण बीजन (म्हणजे ढगांवरची ही फवारणी) आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. विमान उगीच उडत नाही. रडारवर योग्य जाडीचे, पाणीदार ढग दिसले, वारा अनुकूल असला, तरच ते उडते, आणि असे ढग असलेल्या दिवशी विमान आले नसते तरी पाऊस जास्तच पडला असता. ज्या घरी डॉक्टर जातात त्या घरी आजारी माणूस सापडतो, म्हणून डॉक्टरांमुळे आजार होतो असे आपण म्हणत नाही. उड्डाणाचे दिवस आणि इतर दिवस हे दोन गट मुळातच भिन्न जातीचे आहेत, आणि टी-चाचणीला ते कळण्याचा काहीच मार्ग नाही.

दुसरा सापळा आधी-नंतरच्या तुलनेचा आहे, आणि मराठवाड्यात तो विशेष फसवा ठरतो. कृत्रिम पावसाची मागणी केव्हा होते? जुलै कोरडा गेला, ऑगस्टमध्ये मोठा खंड पडला, पिके माना टाकू लागली, की होते. परवानग्या, विमान, रडार यांची जुळणी होईपर्यंत खंडाचे दिवस सरत येतात. लातूर-सोलापूरच्या पट्ट्यात सप्टेंबर हा तसाही भरवशाचा, बहुधा सर्वांत जास्त पावसाचा महिना आहे. अतिशय वाईट काळानंतर परिस्थिती सरासरीकडे परत येणे हा कोणत्याही बदलत्या राशीचा स्वभाव आहे. त्यामुळे विमान आले आणि नंतर पाऊस झाला ही गोष्ट अक्षरशः खरी असूनही तिच्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आपल्याला जी राशी हवी आहे ती अशी: बीजन केलेल्या त्याच ढगाने बीजन न करता किती पाऊस दिला असता? ही राशी कोणत्याही पर्जन्यमापकात कधीच नोंदली जात नाही. तिचा अंदाज करण्याचा एकच निर्विवाद मार्ग गेल्या शतकात सापडला, तो म्हणजे चिठ्ठी टाकणे. आधी ढग किंवा दिवस निवडायचा, तो बीजनास योग्य आहे असे लेखी नोंदवायचे, आणि त्यानंतरच नाणेफेक करून बीजन करायचे की नाही हे ठरवायचे. क्रम येथे अतिशय महत्त्वाचा आहे. चिठ्ठी आधी उघडली तर चांगला ढग बीजनाच्या बाजूला टाकण्याचा मोह वैमानिकाला नकळतही होतो.

याचे एक सुंदर उदाहरण आपण वर्गात सोडवून घेऊ शकता. 1968 आणि 1970 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात जोआन सिम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 52 ढग घेतले, त्यांतील 26 ढगांवर चिठ्ठीने सिल्व्हर आयोडाइडचे बीजन केले आणि 26 तसेच सोडले. विमान दोन्ही प्रकारच्या ढगांतून गेले, आणि बीजन होत आहे की नाही हे वैमानिकाला ठाऊक नव्हते. बीजन केलेल्या ढगांचा सरासरी पाऊस सुमारे 442 एकर-फूट (एकरभर जागेवर फूटभर उंच पाणी म्हणजे एक एकर-फूट) आला, तर न केलेल्यांचा सुमारे 165. हा पावणेतीन पटींचा फरक पाहून कोणीही हुरळून जाईल, पण आकड्यांची पसरण पाहा: बीजन न केलेल्या ढगांत सर्वांत लहान आकडा 1 आहे आणि सर्वांत मोठा 1202.6, बीजन केलेल्यांत 4.1 पासून 2745.6 पर्यंत. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, बीजन केलेल्या गटात 221.6 आणि न केलेल्या गटात 44.2 आहे, म्हणजे सरासरी आणि मध्यक यांचाच एकमेकांशी मेळ नाही. एकदोन प्रचंड ढग सरासरी आपल्याकडे खेचतात. म्हणून अशा आकड्यांचा लॉगॅरिदम घेऊन तुलना करतात. तसे केल्यावर बीजनाचा परिणाम सुमारे 3.1 पट येतो, पण त्याचा 95 टक्के विश्वास-अंतराल (खरा परिणाम ज्या मर्यादांत असावा असे आकडे सांगतात ती कक्षा) 1.3 पटीपासून 7.7 पटीपर्यंत पसरतो. म्हणजे परिणाम असावा असे दिसते, पण तो तीस टक्के आहे की सातपट, हे 52 ढगांच्या उत्तम प्रयोगातूनही कळत नाही.

आता याच आकड्यांवरून आपल्या प्रश्नाचा आवाका मोजू. लॉगॅरिदम घेतल्यावर या ढगांचे प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांच्या पसरणीचे माप, सुमारे 1.6 येते. आपल्याकडे बीजनाने पाऊस 15 टक्के वाढतो असे धरले, तर लॉगॅरिदमच्या मापात तो फरक फक्त 0.14 आहे. पाच टक्के सार्थकता पातळी आणि 80 टक्के क्षमता (खरा परिणाम असल्यास तो सापडण्याची शक्यता) ठेवून नमुन्याचे नेहमीचे सूत्र वापरले, तर प्रत्येक गटात सुमारे 2,050 ढग लागतात. दोन्ही मिळून चार हजारांवर! एका पावसाळ्याच्या प्रयोगातून 15 टक्क्यांची वाढ दिसली असे कोणी सांगितले, तर मला प्रथम हा आकडा आठवतो.

यावर उपाय नाही असे नाही. बीजन न झालेल्या शेजारच्या क्षेत्राचा त्याच वेळचा पाऊस, सकाळी सोडलेल्या हवामान-फुग्याच्या निरीक्षणातून मिळणारी हवेची अस्थिरता, बीजनापूर्वी रडारवर दिसलेला ढगाचा आकार, अशा गोष्टींनी नैसर्गिक चढउताराचा मोठा भाग आधीच समजावून घेता येतो. अशा राशीचा पावसाशी सहसंबंध 0.8 असेल, तर रिग्रेशननंतर (त्या राशीवरून समजणारा भाग वजा केल्यावर) उरणारे विचरण, म्हणजे न समजलेला चढउतार, 36 टक्के राहते आणि प्रत्येक गटाची गरज 2,050 वरून सुमारे 740 वर येते. सहसंबंध 0.9 असेल, तर ती 400 च्या आत येते. पण हे सारे चिठ्ठी टाकल्यानंतरचे उपचार आहेत. चिठ्ठीच नसेल, तर रिग्रेशनने दोन गटांतील न दिसणारे भेद भरून निघतील ही केवळ आशा राहते.

---

कोरडवाहू यांचा प्रतिसाद

मी शेतकरी आहे, संख्याशास्त्र मला फारसे येत नाही, परंतु वरील उत्तर दोनदा वाचले आणि एक गोष्ट मनाला लागली. दुष्काळात रान करपत असताना समोर चांगला ढग आला, आणि नाणेफेक उलटी पडली म्हणून विमानाने तो सोडून द्यायचा, हे आम्ही कसे मान्य करावे? औषधाच्या चाचणीत रुग्णाची संमती घेतात. येथे ज्या गावावरचा ढग सोडला त्या गावाला कोण विचारणार? आणि दोन-चार हजार ढग मोजायचे, तर आमच्या हयातीत उत्तर मिळेल का? विरोध म्हणून लिहीत नाही, खरोखर समजून घ्यायचे आहे.

---

संभाव्यता यांचे उत्तर

आपला प्रश्न अत्यंत रास्त आहे, आणि या क्षेत्रातल्या लोकांना तो पहिल्यापासून छळत आला आहे. त्यातून निघालेली एक युक्ती आपल्याच महाराष्ट्रात वापरली गेली होती, हे फार थोड्यांना माहीत आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 1973, 1974, 1976 आणि 1979 ते 1986 अशा अकरा पावसाळ्यांत, सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात, बारामतीच्या बाजूला, विमानातून मिठाचे बीजन करून पाहिले. त्यांनी लागून असलेले तीन पट्टे आखले. उत्तरेचा आणि दक्षिणेचा पट्टा प्रयोगासाठी होता, आणि मधला पट्टा मोकळा ठेवला होता, म्हणजे एकीकडचे मीठ वाऱ्याने दुसरीकडे जाऊन हिशेब बिघडू नये. प्रयोगाच्या प्रत्येक दिवशी उत्तर की दक्षिण एवढेच चिठ्ठीने ठरायचे. त्यामुळे कोणत्याही दिवशी विमान रिकामे बसले नाही, कोणतीही बाजू कायमची वंचित राहिली नाही, आणि ज्या बाजूला बीजन झाले नाही ती त्याच दिवसाची, त्याच हवेची तुलना होऊन बसली.

हिशेब कसा होतो हे काल्पनिक आकड्यांनी सांगतो. उत्तरेला बीजन झालेल्या दिवशी उत्तरेचा सरासरी पाऊस 6 मि.मी. आणि दक्षिणेचा 5 मि.मी. आहे असे समजा, गुणोत्तर 1.2. दक्षिणेला बीजन झालेल्या दिवशी उत्तरेचा 5 आणि दक्षिणेचा 5.5, गुणोत्तर 0.909. पहिल्या गुणोत्तराला दुसऱ्याने भागले की 1.32 येते, आणि त्याचे वर्गमूळ 1.149 म्हणजे सुमारे 15 टक्के वाढ. उत्तरेचा पट्टा मुळातच जास्त पावसाचा असेल, तर तो भेद दोन्ही गुणोत्तरांत सारखाच असल्यामुळे आपोआप छेदला जातो. याला दुहेरी गुणोत्तर म्हणतात.

त्या प्रयोगात एकूण 160 दिवस मिळाले, आणि बीजनाने पाऊस 24 टक्के वाढल्याचा अंदाज 4 टक्के सार्थकता पातळीवर आला. अकरा पावसाळे आणि 160 दिवस, म्हणजे एका पावसाळ्यात जेमतेम पंधरा दिवस! या कामाला लागणारा धीर त्यावरून कळतो. माझ्या मते ही महाराष्ट्राच्या विज्ञानातील अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे, आणि नंतरच्या सरकारी मोहिमांना तिच्या आराखड्याचा आधार घेता आला असता.

संमतीविषयी म्हणाल, तर माझे मत असे आहे. बीजनाने फायदा होतो हे आधीच ठाऊक असते, तर चिठ्ठी टाकणे अन्यायाचे झाले असते. पण फायदा होतो की नाही हेच ठाऊक नाही, आणि विमान थोडे असल्यामुळे बरेच ढग तसेही सुटणारच आहेत. जे सुटणार ते चिठ्ठीने सुटू द्यावेत, एवढेच मागणे आहे.

---

ढगमापक यांचे उत्तर

मी रडार आणि पर्जन्यमापकांच्या नोंदींवर काम केले आहे, म्हणून मापनाच्या बाजूने काही लिहितो.

मांजराकाठ सर, प्रथम आपल्या तारखा तपासा. हवामान खात्याच्या पद्धतीनुसार दैनंदिन पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजतात आणि तो मागच्या 24 तासांचा असतो. 15 तारखेच्या दुपारी उड्डाण झाले आणि संध्याकाळी सर आली, तर तो पाऊस 16 तारखेच्या रकान्यात दिसतो. मंडळांच्या नोंदी कोणत्या पद्धतीने लावल्या आहेत हे न पाहता तारखा जुळवल्या, तर उड्डाणाच्या आदल्या रात्रीचा पाऊसही बीजनाच्या खात्यावर जमा होतो.

दुसरी अडचण जागेची आहे. राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळे आहेत, म्हणजे एक मंडळ सरासरीने सुमारे दीडशे चौरस किलोमीटरचे होते, आणि त्यात एक पर्जन्यमापक असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमधील गडगडाटी ढगाची सर काही किलोमीटर रुंद असते आणि ढगाचे सारे आयुष्य अनेकदा तासाभराचे असते. शिवाराच्या एका टोकाला चिखल आणि दुसऱ्या टोकाला धूळ, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या ढगावर बीजन झाले त्याची सर त्या एका भांड्यावरून गेलीच नाही, असे सहज होते. बीजन ही अर्ध्या-पाऊण तासाची, एका ढगापुरती घटना आहे, आणि आपण तिचा माग 24 तासांच्या, दीडशे चौरस किलोमीटरला एक अशा नोंदीत शोधत आहोत.

सोलापूरच्या प्रयोगाकडे पाहिले तर फरक लक्षात येतो. पुण्याच्याच संस्थेने 'काइपिक्स' या प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात 2018 आणि 2019 मध्ये सोलापूर भागात चिठ्ठी पद्धतीने प्रयोग केला. दोन विमाने, रडार आणि स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे अशी तयारी होती, आणि अभ्यासलेल्या ढगांची संख्या 276 होती. कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या ढगाच्या तळाशी, जेथे हवा वर चढते तेथे, जाळल्या जात. त्यातून निघालेले पाणी शोषणारे कण वर जातात, त्यांच्यावर नेहमीपेक्षा मोठे थेंब तयार होतात, आणि मोठे थेंब लहान थेंबांना गिळत खाली येतात, अशी त्यामागची कल्पना आहे. ढगाचा माथा हवा गोठणबिंदूला पोहोचते त्या उंचीच्या बराच वर गेला असेल आणि त्यात अतिशीत (शून्य अंशाखालीही न गोठलेले) पाणी असेल, तर सिल्व्हर आयोडाइड वापरण्याची पद्धत वेगळी आहे. 2023 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार काही ठिकाणी 46 टक्के, आणि बीजनाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी 18 टक्के जास्त पाऊस दिसला.

हा 18 टक्क्यांचा आकडा गावकऱ्यांच्या भाषेत मांडून पाहा. मुळात 10 मि.मी. पाऊस पडणार असेल, तर तो 11.8 मि.मी. होतो. हा पावणेदोन मि.मी.चा फरक कोणत्याही माणसाला अंगणात उभे राहून दिसणार नाही, आणि शेजारच्या दोन वावरांतील नैसर्गिक फरक याहून मोठा असतो. पण तोच फरक 100 चौरस किलोमीटरवर पसरला, तर 18 कोटी लिटर पाणी होते. एका माणसाच्या डोळ्याला शून्य आणि तलावाला भरपूर, अशा मापाचा हा परिणाम आहे. म्हणूनच 'आम्ही पाहिले' ही साक्ष दोन्ही गटांची तितकीच दुबळी आहे. आणि 10 मि.मी. ऐवजी मुळात काहीच पडणार नसेल, तर शून्याचे 18 टक्के शून्यच असतात. ढग नसताना विमान काहीही करू शकत नाही.

ढग पळवल्याच्या तक्रारीला मी हसणार नाही. एखाद्या ढगात चुकीच्या आकाराचे, फार बारीक आणि फार जास्त कण गेले, तर पाणी असंख्य लहान थेंबांत वाटले जाऊन पाऊस कमीही होऊ शकतो. 1960 ते 1964 या काळात अमेरिकेच्या मिसुरी राज्यात 'व्हाइटटॉप' नावाचा चिठ्ठी पद्धतीचा प्रयोग झाला. विख्यात संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे आकडे तपासले, तेव्हा बीजनाच्या दिवशी पाऊस कमी झाल्याचे आढळले. वाढच होईल असे गृहीत धरून एकतर्फी चाचणी लावणे मला त्यामुळे पटत नाही. मात्र पुढच्या तालुक्यात पाऊस पडला म्हणून तो आपल्याकडून चोरला गेला, हेही त्याच मोजमापाने सिद्ध करावे लागेल, आणि ते अधिक अवघड आहे.

---

रॉकीपायथा यांचा प्रतिसाद

मी मूळचा नगरचा, सध्या अमेरिकेत कोलोरॅडोत असतो आणि औषधांच्या चाचण्यांचे संख्याशास्त्र हा माझा व्यवसाय आहे. वरील चर्चेत एक मुद्दा राहिला असे वाटते: एक प्रयोग यशस्वी झाला म्हणून थांबू नये, तो पुन्हा व्हावा लागतो.

इस्रायलमध्ये 1961 ते 1967 या काळात झालेल्या पहिल्या प्रयोगात पाऊस 15 टक्के वाढल्याचे आढळले. आराखडा बारामतीसारखाच, दोन क्षेत्रांची अदलाबदल करणारा होता. दुसऱ्या प्रयोगात, 1969 ते 1975 मध्ये, उत्तरेकडे 13 टक्के वाढ दिसली आणि त्या जोरावर तेथे अनेक वर्षे नियमित बीजन चालले. पण 1990 मध्ये दुसऱ्या प्रयोगातील उत्तर आणि दक्षिण या दोन्ही क्षेत्रांचा हिशेब एकत्र मांडला गेला, तेव्हा एकूण परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. दोन क्षेत्रांवर चिठ्ठी टाकलेली असताना अनुकूल दिसणारे एकच क्षेत्र उचलून धरणे ही आकड्यांची सर्वांत मोहक चूक आहे. शेवटी त्यांनी 2013 ते 2020 या काळात चौथा प्रयोग केला. त्यात वाढ 1.8 टक्के आली आणि तिचा 95 टक्के विश्वास-अंतराल उणे 11 पासून अधिक 16 टक्क्यांपर्यंत होता. इतकी दशके चाललेला कार्यक्रम पुन्हा कसोटीला लावण्याची त्यांची तयारी मला फार मोलाची वाटते.

फ्लोरिडातील एकेका ढगावरचा प्रयोग वर आला आहे. त्यानंतर तेथे मोठ्या क्षेत्रावर 1970 ते 1976 असा शोधक प्रयोग झाला आणि त्यात वाढीची आशा दिसली. मग कोणती राशी मोजायची, कोणती चाचणी लावायची हे आधीच जाहीर करून 1978 ते 1980 मध्ये पडताळणीचा प्रयोग झाला, आणि त्यात आधीच्या निष्कर्षाची पुष्टी झाली नाही. माझ्या शेजारच्या वायोमिंग राज्यात 2008 ते 2014 मध्ये दोन पर्वतरांगांपैकी एकीवर चिठ्ठीने बीजन करून बर्फ मोजला गेला. 118 प्रसंगांनंतर वाढ 3 टक्के आली आणि पी-मूल्य 0.28 निघाले, म्हणजे केवळ योगायोगानेही एवढा फरक सहज दिसू शकतो. याचा अर्थ बीजन निरुपयोगी आहे असा नव्हे. 3 टक्क्यांचा परिणाम असेलही, पण 118 प्रसंगांत तो सापडण्याजोगा नव्हता. 'परिणाम आढळला नाही' आणि 'परिणाम नाही' या दोन वाक्यांतील अंतर माझ्या व्यवसायातही रोज समजावून सांगावे लागते.

सोलापूरच्या प्रयोगाचा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, म्हणूनच माझी मनापासून इच्छा आहे की तोच आराखडा, तीच मोजण्याची राशी आणि तेच 100 चौरस किलोमीटरचे क्षेत्र आधी जाहीर करून, वेगळ्या पावसाळ्यांत, शक्य झाल्यास वेगळ्या गटाने तो पुन्हा करावा.

---

मांजराकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. माझा पाय कोठे घसरत होता हे आता स्पष्ट झाले. तारखांबाबत ढगमापक यांनी व्यक्त केलेली शंका खरी निघाली. मी सकाळी मोजलेला पाऊस त्याच तारखेचा धरला होता. आता एक शेवटचा प्रश्न विचारतो. 2019 च्या नोंदींतून बीजनाचा परिणाम काढता येणार नाही हे मान्य; पण विद्यार्थ्यांना त्यातून काही शिकवता येईल का? माझ्याकडे 2016 ते 2018 या, आमच्या भागात उड्डाणे न झालेल्या, वर्षांच्याही नोंदी आहेत.

---

संभाव्यता यांचे उत्तर

निश्चितच शिकवता येईल, आणि त्या तीन वर्षांच्या नोंदी त्यासाठी अधिक उपयोगी आहेत. विद्यार्थ्यांना त्या वर्षांतून खोट्या उड्डाणांच्या तारखा निवडायला सांगा, पण दोन रीतींनी. पहिल्या रीतीत जून ते सप्टेंबरच्या 122 दिवसांतून चिठ्ठ्या टाकून तारखा काढाव्यात. दुसऱ्या रीतीत वैमानिकासारखे वागावे, म्हणजे आदल्या दिवशी आजूबाजूच्या मंडळांत पाऊस झाला असेल अशाच दिवसांतून तारखा निवडाव्यात. मग दोन्ही रीतींच्या तारखांना आपली टी-चाचणी लावावी, आणि हे काम प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे करावे. पावसाचे दिवस सलग येतात. त्यामुळे माझा अंदाज असा आहे, की पहिल्या रीतीत सार्थ फरक क्वचित दिसेल आणि दुसऱ्या रीतीत तो वारंवार दिसेल, जरी एकही विमान उडालेले नव्हते. हाच तक्ता गावातील दोन्ही गटांना दाखवता येईल.

यापूर्वी असेच घडले आहे. 1949 च्या अखेरीपासून अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत दर आठवड्याला ठरावीक दिवशी बीजन होत असे. नोबेल विजेते अर्व्हिंग लँगम्यूर यांना दूरच्या ओहायो खोऱ्यातील पावसात सात दिवसांचे आवर्तन दिसले, आणि त्यांनी त्याचे श्रेय बीजनाला दिले. बीजन सुरू होण्यापूर्वीच्या जुन्या नोंदींतही तशी आवर्तने सापडतात, हे नंतर दाखवून दिले गेले. आपले विद्यार्थी खोट्या तारखांनी जे करतील, त्याचीच ही जुनी आवृत्ती आहे.

आणखी एक विनंती. पुढे कधी आपल्या जिल्ह्यात अशी मोहीम ठरली, तर ग्रामसभेच्या ठरावात पर्जन्यमापक वाढवण्याची मागणी करा, आणि तिच्यासोबत बीजनास योग्य ठरवूनही सोडून दिलेल्या प्रत्येक ढगाची वेळ व जागा नोंदवून ती नोंद खुली करावी, अशीही मागणी करा. बीजन केलेल्या ढगांची यादी नेहमी मिळते. सोडलेल्या ढगांची यादी मिळत नाही, आणि तुलना तिच्याशीच करायची असते.